बियाण्याचे दाणे

आमच्या मंडळीच्या उपासनामंदिरामागे जी अरुंद, एकाच खिडकीची खोली आहे, तिच्यातल्या सागवानी कपाटात मंडळीचे सारे जुने दप्तर ठेवलेले असे: बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, प्रभुभोजनास बसणाऱ्या सभासदांची यादी, दानाच्या पावत्यांच्या स्थळप्रती, आणि सर्वांत खाली, कापडी पुठ्ठ्याची, दफनाची वही. कॉलेजात असताना एका उन्हाळ्याच्या सुटीत पाळकसाहेबांनी ही शेवटची वही माझ्यापुढे ठेवली आणि तिची नक्कल नव्या वहीत उतरून काढण्याचे काम मला सांगितले. कारण कसरीने तिच्या कडा खाल्ल्या होत्या, आणि ज्यांची नावे तिच्यात होती त्यांपैकी पुष्कळांच्या थडग्यांवर दगडही नव्हता. दुपारच्या वेळी तिकडे कोणी फिरकत नसे. मी रकान्यामागून रकाना उतरवीत असे: अनुक्रमांक, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, वास्तव्य, मरणाची तारीख, मरणाचे कारण, दफनाची तारीख, विधी चालविणाऱ्याची सही, आणि अगदी उजवीकडे शेरा.

मरणाविषयी त्या वयात माझे जे ज्ञान होते ते कवितांतून आणि कादंबऱ्यांतून आलेले होते, आणि तेथे मरणाला नेहमीच काहीतरी बोलायचे असते. या वहीतले मरण काहीच बोलत नव्हते. धंद्याच्या रकान्यात शेतमजुरी, गवंडीकाम, शिक्षक, चौकीदार, आया. वयाच्या रकान्यात वर्षांच्या बरोबरीने महिने आणि दिवस, कारण पाळण्यातली नावे फार. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, बाळंतरोग, गाठीचा ताप. काही सह्या मोडीत होत्या. शेऱ्याचा रकाना बहुतेक कोरा असे, आणि जेथे भरलेला असे तेथेही दोन-चार शब्दांपलीकडे मजल नसे: शेवटपर्यंत शुद्धीवर होती; गीत म्हणत गेला; आईच्याच शेजारी पुरले.

1918 सालच्या पावसाळ्यानंतरची पाने मात्र मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. ज्या तापाला सरकारी कागदांत इन्फ्लुएंझा म्हणत आणि आमच्याकडची माणसे मानमोडी म्हणत, तो त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळून देशावरच्या खेड्याखेड्यांत शिरला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आणि साथ ओसरली तेव्हा हिंदुस्थानातली एक कोटीहून अधिक माणसे नाहीशी झाली होती. त्या आठवड्यांत आमच्या वहीतले अक्षर घाईचे होत जाते, कारणाच्या रकान्यात केवळ वरच्यासारख्याच्या खुणा येऊ लागतात, एकेका तारखेखाली एकाच घरातली नावे लागोपाठ उतरतात. आणि मग एका पानाच्या मध्यावरच अक्षर बदलते. नव्या, काहीशा अवघडलेल्या हाताने केलेली पहिली नोंद जुन्या पाळकांच्या नावाची आहे, धंदा: पाळक, कारण: वरच्याप्रमाणे. शेरा नाही. पुढच्या ओळीपासून तोच नवा हात कामाला लागलेला आहे.

ज्याने ही नोंद केली त्याने ती करण्यापूर्वी थडग्याशी उभे राहून पुनरुत्थानाचे शास्त्रवचन वाचले असले पाहिजे, कारण विधीच तसा आहे. मातीची पहिली मूठ टाकताना ते वाचतात, आणि ते वाचणाऱ्याचा आवाज अनेकदा मध्येच थांबतो. मला त्या दिवसापासून आजतागायत जे कोडे वाटत आले आहे ते हे, की ज्याच्या हाताला अजून त्या मातीचा वास आहे, ज्याला उद्याही तेच वाचायचे आहे, आणि परवा कदाचित त्याच्यासाठीच ते वाचले जाणार आहे, त्या मनुष्याच्या मनात त्या शब्दांचे रूप कोणते असते? विश्वास म्हणजे ज्याला शंका शिवत नाही असा स्वस्थपणा, ही माझी समजूत त्या पानाने मोडून टाकली. तो हात स्वस्थ नव्हता. परंतु तो थांबलाही नव्हता.

मी वाढलो त्या गल्लीत मरणाच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. पलीकडच्या घरातली मंडळी दहाव्याला नदीवर जात, पिंडाला कावळा शिवेपर्यंत तिष्ठत बसत, आणि तो शिवत नसे तेव्हा जिवंतांपैकी कोणीतरी पुढे होऊन मृताची राहिलेली इच्छा पुरी करण्याचे वचन देई. आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यांवर जी आर्जवी व्याकुळता दिसे ती मला कधी परकी वाटली नाही. आत्मा अजर आहे, शस्त्र त्याला छेदीत नाही, देह हे त्याचे वस्त्र आहे, हा विचार मराठी मनाच्या इतक्या खोल थरात गेलेला आहे की आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांतही समाचाराला येणारा मनुष्य नकळत तोच बोलून जातो. बोलू द्यावे, त्यामागची माया खरी असते. परंतु पवित्र शास्त्र ज्या आशेविषयी बोलते ती ही नव्हे, आणि हा भेद मला कळू लागला तेव्हा आधी तो मला नडला, मग त्याच्यातच मला आधार सापडला. शास्त्र मरणाला वस्त्रांतर म्हणत नाही. पौल त्याला शत्रू म्हणतो, नष्ट व्हावयाचा असा शेवटचा शत्रू म्हणतो. म्हणजे आपल्या मनुष्याच्या थंड कपाळावर हात ठेवल्यावर आपल्या आतून जो आक्रोश उठतो, हे असे व्हायला नको होते असे जे आपले सर्वांग सांगते, ते अज्ञान नसून सत्यच आहे. आशेचा आरंभ तेथून आहे. जे तुटले ते तुटले असे कबूल करूनच ती बोलू लागते.

बेथानीच्या कबरेपाशी प्रभू रडला, हे योहानाने लिहून ठेवले नसते तर मला वाटते आमच्या धर्मात राहणे फार कठीण झाले असते. लाजर चार दिवसांपूर्वी पुरलेला आहे. मार्था घराबाहेर येऊन भेटते आणि आपल्या मनातली तक्रार स्पष्ट बोलून दाखविते. मरीया येते ती पायांवर पडते. सभोवार शोक करणारी माणसे आहेत. आता अवघ्या काही क्षणांत तो दगड बाजूला सारावयास सांगणार आहे आणि मेलेल्याला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरीही तो रडतो. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने मधल्या दुःखाला तुच्छ मानले नाही, त्याच्यावरून उडी मारून तो पलीकडे गेला नाही. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेन कोण जाणे, पण त्या अश्रूंपाशी आलो की पुढच्या चमत्काराकडे जाण्याची मला घाई वाटत नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की आमच्या लोकांत दफनाच्या वेळी एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते: रडू नका, आपल्याला आशा आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा त्याला आधार देतात. पौलाने तेथे इतकेच म्हटले आहे, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये. खेदच करू नये असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. माझी धाकटी बहीण घटसर्पाने गेली तेव्हा मी लहान होतो. वडीलधाऱ्यांनी हेच वाक्य माझ्या आईला सांगितले, आणि त्या आज्ञाधारक बाईने डोळे कोरडे ठेवून चुलीपुढची कामे उरकली, आल्यागेल्यांना चहा केला, रात्रीच्या उपासनेत गीतही म्हटले. तिसऱ्या दिवशी एक वृद्धा आमच्याकडे आली. तिचे आयुष्य गावोगाव बायबलबाई म्हणून हिंडण्यात गेले होते, वाचन बेताचे आणि पायांना भेगा. ती आईशेजारी बसली, तिने शास्त्रवचन काढले नाही, प्रार्थना केली नाही. तिने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि ती स्वतःच रडू लागली, आणि मग आईचा बांध फुटला. त्या दिवशी आमच्या घरात जर कोणी सुवार्ता सांगितली असेल तर ती त्या म्हाताऱ्या बाईने सांगितली, असे मी आजही मानतो.

आमचा जिल्हा अवर्षणाचा. हस्ताच्या पावसावर शाळूची पेरणी व्हायची, आणि तो न आला तर वर्ष गेले. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडावयास जात, सुकडीच्या रांगेत उभी राहत, जनावरे मिळेल त्या भावाने बाजारात उभी करीत. त्या वर्षी आमच्या घरातले धान्य संपत आले तेव्हाही माळ्यावरच्या एका मडक्यात, राख मिसळून, तोंडाला शेणमातीने लिंपून ठेवलेली ज्वारी शिल्लक होती. आम्हां मुलांना ते ठाऊक होते, आणि भुकेल्या मुलांनी जे करावे तेच मी केले. आजीकडे हट्ट धरला. ती रागावली नाही. ‘‘ते बी हाये बाळा,’’ ती म्हणाली, ‘‘त्याला हात लावायचा नसतो.’’ पुढच्या पावसात तेच दाणे चाड्यावर धरलेल्या तिच्या मुठीतून सुटून पाभरीच्या नळ्यांतून मातीत उतरत होते, आणि मी बैलांमागून चालत पाहत होतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, मेलेले कसे उठतील, कोणत्या शरीराने येतील, असा प्रश्न करणाऱ्याला पौल शेताकडे बोट दाखवितो: जे पेरतोस ते मेल्यावाचून जिवंत होत नाही, आणि पेरतोस तो नुसता दाणा असतो, उगवणारे अंग देव देतो. शहरातल्या विद्वानांना हा दृष्टांत सोपा वाटतो. परंतु उपाशी घरात बियाणे राखून ठेवणे आणि मग ते आपल्या हाताने मातीत टाकणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, त्याला पौलाच्या त्या वाक्यातला धोका कळतो. पेरणाऱ्यापाशी हमी नसते. बी गेले तर ताटातलेही गेले आणि शेतातलेही. तरी तो पेरतो, आणि पेरून घरी येतो, आणि आभाळाकडे पाहत राहतो.

या आशेने जगलेली माणसे मराठी मुलुखात होऊन गेली आहेत, आणि त्यांपैकी पंडिता रमाबाईंचे चरित्र मला पुन्हापुन्हा आपल्याकडे ओढते. त्यांच्या बुद्धीविषयी, विद्वत्तेविषयी, त्यांच्यावर झालेल्या टीकेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या आयुष्यातली मरणे दिसतात. 1858 साली जन्मलेली ही मुलगी पुराणिक आईबापांबरोबर तीर्थातीर्थांतून पायी हिंडत वाढली, आणि 1874 च्या सुमारास दुष्काळाने ते कुटुंब गाठले. आधी वडील अनंतशास्त्री गेले, मग थोड्याच अवधीत आई लक्ष्मीबाई, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. एका बाजूला भाऊ लागला. चौथी जागा त्या सोळा वर्षांच्या मुलीने घेतली, आणि तिची उंची कमी पडली म्हणून तिरडीचा आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला आणि कोसभराहून अधिक वाट ती चालली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मूल होते, मनोरमा.

इतक्या मरणांनंतर मनुष्याने काय व्हावे? कडवट व्हावे, विरक्त व्हावे, किंवा आपल्यापुरते एखादे सुरक्षित दार लावून घ्यावे. यांपैकी काहीही झाले असते तरी कोणी दोष दिला नसता. रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तिथे उपासमारीने सुकलेल्या मुली त्यांनी पाहिल्या, तेव्हा त्यांना स्वतःचीच आठवण झाली. त्या मुलींना त्यांनी आणले. केडगावच्या माळावर विहिरी खोदल्या, फळझाडे लावली, शाळा, आंधळ्यांचा वर्ग, आणि जिथे बायकाच खिळे जुळवीत असा छापखाना उभा केला. ज्या भूमीवर हे उभे राहिले ती मी पाहिली आहे. पुणे-दौंड रेल्वेच्या बाजूची सपाट, उन्हात तापणारी भूमी. केडगावच्या या मुक्तिसदनात आलेल्या साऱ्याच मुली जगल्या नाहीत. दुष्काळातून आलेले शरीर अन्न मिळू लागल्यावरही पुष्कळदा टिकत नाही. म्हणजे रमाबाईंनी मरणाला एकदा नव्हे, रोज घरात घेतले होते, आणि तरी दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोट सुरूच राहिली.

त्यांच्या उत्तरायुष्यातले मोठे काम म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावे अशा मराठीत. दीड दशकाहून अधिक काळ ते चालले. कानांनी साथ सोडली होती. मुलगी मनोरमा, जिच्या हाती सारे सोपवून निघावयाचे होते, ती 1921 च्या जुलैत मिरजेच्या इस्पितळात वारली. एकुलत्या एक मुलीच्या मरणानंतर त्या वृद्ध बाईने मुद्रिते तपासणे चालू ठेवले. केडगावात सांगतात, की काम पुरे व्हावयास थोडेच राहिले असता त्यांनी देवापाशी आणखी काही दिवसांची मुदत मागितली, आणि ती मिळाली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या झोपेतच गेल्या. ग्रंथ संपूर्ण छापून बाहेर पडला तो 1924 मध्ये. त्यांनी तो हातात धरला नाही.

ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे, आणि पुष्कळजण तिच्यातल्या मुदतीच्या चमत्कारापाशी थांबतात. मला मनोरमेच्या मरणानंतरचे ते महिने अधिक विलक्षण वाटतात. मजकुराच्या ओळीवरून बोट फिरत आहे, चुकलेला खिळा पकडला जात आहे, काना-मात्रा दुरुस्त होत आहे. ज्या अध्यायांत रिकाम्या कबरेची हकीगत आहे त्याही अध्यायांवरून ते बोट असेच, न घाईने, फिरले असेल. आशा ही भावना आहे असे आपण समजतो, आणि भावना नाहीशी झाली की आशा गेली असे म्हणतो. त्या दिवसांत रमाबाईंना काय वाटत होते हे मला सांगता येणार नाही. त्या काय करीत होत्या ते मात्र कागदावर आहे.

आणि ही एकच हकीगत नव्हे. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले, अकरावा अध्याय पुरा होण्यापूर्वीच 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. ज्या लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे तोंड ठाऊक नव्हते, नवऱ्याच्या धर्मांतराने ज्यांचे जग एकदा कोसळून पडले होते, आणि ज्यांनी पुढे आपल्याच विचाराने बाप्तिस्मा घेतला, त्यांनी विधवेपणी ते अपुरे काव्य हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय लिहून शेवटास नेले. 1936 मध्ये त्याही गेल्या. काव्य छापून आले 1938 मध्ये. दोघांनीही ते पुस्तकरूपात पाहिले नाही. लक्ष्मीबाईंच्याच ‘स्मृतिचित्रां’च्या लखलखीत गद्यापुढे हे काव्य वाचकांच्या विस्मरणात गेले, आणि काव्यगुणांच्या तराजूत ते किती उतरेल हा प्रश्न मी जाणकारांकडे सोपवितो. मला एवढेच दिसते, की ख्रिस्ताच्या चरित्रातील जो भाग मरण आणि पुनरुत्थान सांगतो, तो टिळकांच्या वाट्याला आला नाही. तो लिहिण्याचे काम, पती जाऊन पुष्कळ वर्षे लोटलेल्या, एका बाईच्या वाट्याला आले. त्या ओळी लिहिताना तिने लेखणी किती वेळा खाली ठेवली असेल?

पुनरुत्थानाच्या कथा मराठीत नव्याने आलेल्या नाहीत. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने साष्टीत राहून त्या ओव्यांत गुंफल्या आणि ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले. त्या जुन्या छापील प्रती सगळ्या काळाने गिळल्या, आणि पुराण टिकले ते घराघरांत लोकांनी हातांनी उतरून ठेवलेल्या बाडांतून. या कथांत मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. उठलेला प्रभू तेजाच्या लोटात दिसत नाही. मग्दालीया त्याला माळी समजते, आणि तो तिचे नाव उच्चारतो तेव्हाच तिला ओळख पटते. थोमाला तो हातांवरचे खिळ्यांचे वण दाखवितो. म्हणजे उठलेल्या देहावरून जखमांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. आणि तिबिर्याच्या सरोवराच्या काठी, रात्रभर जाळी ओढून रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांसाठी, त्याने पहाटे कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी भाजावयास ठेवलेली आहे. मरणाला जिंकून आलेला मनुष्य न्याहारी रांधीत बसला आहे! हे ज्याने लिहिले त्याला रचून सांगायचे असते तर त्याने काहीतरी भव्य रचले असते, असे मला वाटते. हा पुरावा नव्हे हे मी जाणतो. परंतु देहाविषयीचा जो आदर त्या काठावर दिसतो तो मला अन्यत्र कोठे इतका स्पष्ट दिसलेला नाही: भुकेचा आदर, थकव्याचा आदर, नावाचा आदर, जखमेचाही. देह टाकून देण्याची वस्तू असती तर देवाने त्याच्यासाठी विस्तव कशाला पेटविला असता? आमच्या लोकांनी महारोग्यांच्या जखमा धुतल्या, प्लेगच्या झोपड्यांतून ज्यांना कोणी शिवेना त्यांना पाणी पाजले, त्याचे मूळ मला त्या विस्तवापाशी दिसते.

आजी गेली ती थंडीत. शेवटच्या आठवड्यांत तिचे शरीर इतके हलके झाले होते की तिला कुशीवर वळविताना भीती वाटे. मी तेव्हा विश्वासाविषयी पुष्कळ वाचलेला, पुष्कळ बोलणारा मनुष्य होतो, आणि तिच्या उशाशी बसल्यावर माझ्याजवळ एकही वाक्य उरले नाही. रात्री मला वाटे, हे सारे खरे नसेल तर? माती आणि मातीनंतर माती, एवढेच असेल तर? त्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही त्या रात्रींची आठवण झाली की तो प्रश्न आपल्या जागी शाबूत असतो. ती मात्र मधूनच जागी होऊन विचारी, मेथी खुरपली का, शेजारच्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचले का, लहान्याची फी भरली का. एकदा मी धीर करून विचारले, ‘‘आजी, भीती वाटते का?’’ तिने बराच वेळ विचार केला. ‘‘वाटती की,’’ ती म्हणाली. ‘‘पर तो हाये ना.’’ आणि पुन्हा लाडवांची चौकशी केली. पुढल्या जगाचे वर्णन तिने कधी केले नाही. तिची सारी आशा त्या एका ‘हाये’ मध्ये मावत होती, आणि भीतीला तिने त्या आशेच्या शेजारी बसू दिले होते.

तिची एक सवय मला फार उशिरा कळली. पहाटेच्या प्रार्थनेत ती घरातल्या जिवंत माणसांची नावे घेई, आणि त्यांच्यानंतर ‘‘आमची म्हातारी’’ असे म्हणून क्षणभर थांबे. ही म्हातारी म्हणजे माझ्या पणजोबांची आई. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात ती कोठेतरी वाटेवर गेली, गावाहून निघालेल्या लोंढ्याबरोबर चालता चालता. तिच्यापर्यंत सुवार्ता पोचलेली नव्हती, येशूचे नाव तिने ऐकले नव्हते, खंडोबाला आणि मरीआईला हात जोडीत ती जगली. आमच्या पंथात मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत नाही. पाळकसाहेबांनी आजीला हे एकदा समजावून सांगितले, आणि ते त्यांच्या परीने बरोबरच सांगत होते. तिने ऐकून घेतले, मान डोलावली, आणि दुसऱ्या पहाटे म्हातारीपाशी येऊन ती थांबलीच.

पुढे रमाबाईंचे आत्मनिवेदन वाचताना मला एका पानावर असेच थांबावे लागले. दृष्टी गेलेल्या, अन्नावाचून खंगलेल्या अनंतशास्त्र्यांनी मरणापूर्वी आपल्या धाकट्या लेकीला मिठीत घट्ट धरले आणि तुला मी देवाच्या हाती दिले आहे, त्याची तू हो, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे काही सांगितले. ख्रिस्ती झाल्यानंतर कित्येक वर्षांनी ती लेक हे लिहीत आहे, आणि बापाने ज्याला हाक मारली तो त्याला अज्ञात असलेला देव खराच होता, आणि बापाने त्याची मनोभावे सेवा केली, असे ती म्हणते. ती बापाविषयी निवाडा देत नाही. आपला प्रभूविषयीचा आग्रह ती सोडीत नाही, आणि बापाची मिठीही सोडीत नाही. शास्त्रार्थात ज्यांना गती आहे ते या ठिकाणी पुष्कळ प्रश्न उपस्थित करतील, आणि ते प्रश्न पोकळ नाहीत. मी स्वतः त्यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजलो आहे. परंतु लाजरासाठी जो रडला, त्याच्या आशेची हद्द नेमकी कोठे संपते याची मोजणी करण्यास माझ्याजवळ साखळी नाही. आजी गेल्यापासून पहाटे घरातली नावे मी घेतो. ती घेऊन झाली की मीही थांबतो. त्या म्हातारीचे खरे नाव आमच्या घरात आता कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा तिचा उल्लेख कसा करावा हे मला अजून नीट ठरविता आलेले नाही; आजी म्हणत असे तसेच म्हणतो, आणि ज्याने मग्दालीयेला नावाने हाक मारली त्याला ते नाव ठाऊक असेल का, असे त्यालाच विचारतो.